सायलेन्सरला मारलेला टाका

टाका नांगराला मारतात. वखराच्या पासेला मारतात, ट्रॉलीच्या फाळक्याला मारतात. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर जिथं सिलिंडरला येऊन भिडतो, त्या सांध्याला टाका मारत नसतात. पण माझ्या पोरानं माझी गाडी मला न विचारता गावातल्या ट्रॅक्टरच्या वेल्डिंगवाल्याकडं नेली, अन् त्या गड्यानं नांगराला मारावा तसा टाका मारून दिला. वरून मला सांगतो, "काका, आता हा सांधा तुमच्या नातवालेही सुटत नाही."

मी म्हटलं, "अरे बावा, सुटत नाही यासाठीच तर बोंबलून राह्यलो मी."

तो हसला. पोरगाही हसला. म्हातारा कटकट करते असं दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी शाळा फार शिकलो नाही, पण राग आला की लिहून टाकायची सवय मला आता आता लागली. आधी राग आला की सांगायला बायको होती. ती ऐकायची, अर्ध्यात म्हणायची, "झालं का तुमचं? हात धुवा, जेवा." दिवाळीच्या तोंडावर ती गेली. आता राग आला की तसाच पोटात राहते अन् जेवणही जात नाही.

गाडीचं सांगतो, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल एवढं काय त्या सायलेन्सरात. आमचं वावर घाटंजीच्या रस्त्याला लागून आत, नाल्याच्या पलीकडं आहे. तिथं चारचाकी जात नाही. पावसाळ्यात बैलगाडी फसते. काळी माती चाकाला अशी धरते की टायर अन् मडगार्डच्या मधात जाऊन बसते अन् चाक फिरायचंच बंद होते. म्हणून फार वर्षांमागं मी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली अन् पुढचं मडगार्ड काढूनच टाकलं. मागचं कापलं. मोठ्या गुट्ट्यांचे, दातेवाले टायर बसवले. नाल्यातलं पाणी आत जाऊ नये म्हणून सायलेन्सर खालून काढून वरून, उजव्या मांडीजवळून फिरवला. बायको मागं बसायची, मांडीवर भाकरीचं गाठोडं अन् खांद्यावर फवाऱ्याचा पंप. लोक म्हणत, ही कोणती गाडी काढली रे बावा याने. आता तशीच गाडी यवतमाळचे पोट्टे दुकानातून आणतात, तिला डर्ट बाईक म्हणतात अन् लोहारा गावाच्या अंगाला माळावर उड्या मारत फिरतात. आम्ही उड्या नाही मारल्या. आम्ही कापूस वेचायला गेलो.

टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलसोबत तेल जळते. ते सगळं जळत नाही, काही काळं होऊन सायलेन्सरात येते. सिलिंडरजवळचा सांधा ढिला झाला की तिथून धूर फुसफुसते अन् ते तापलेलं काळं तेल बाहेर थुंकते. माझा पाइप वरून फिरवलेला, म्हणून ते थेट माझ्या पायावर. बायको होती तोवर सांधा ढिला झालेला तिला माझ्या आधी कळायचा, कारण लुगड्यावर ठिपके पडायचे अन् मग माझा उद्धार व्हायचा. ती गेल्यावर मी लक्ष दिलं नाही. एक दिवस नडगी चांगलीच पोळली. मला शुगर आहे. जखम भरता भरेना. पोरगा लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला आहे, सुटीला आला तेव्हा त्यानं पट्टी पाहिली.

"बाबा, हे काय होय?"

"चटका लागला."

"चुलीजवळ तं तुम्ही कधी गेले नाही जल्मात. कायचा चटका?"

सांगावं लागलं. मग तो जो बोलला तो बोलला. पाय कापावा लागन, एकटे पडून राहाल नाल्यात, तुम्हाले काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू. मी ऐकून घेतलं. बापाला बोलताना त्याचा आवाज फाटला, म्हणून ऐकून घेतलं. शेवटी म्हणे, "पुढच्या रविवारी येतो. तोवर तो लीक बंद झाला पाहिजे. नाही झाला तर गाडी मी घेऊन जातो. माळावरचे पोट्टे कवाचे मांगून राह्यले."

आता हे नीट समजून घ्या. गाडी गेली म्हणजे वावर गेलं. वावराचं काम बटईवाला करते, अर्ध्या वाट्यानं, त्याची मला फिकीर नाही. पण आमच्याकडं माणूस गेलं की आपल्याच वावरात नेतात. बायको तिथं आहे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या अंगाला. माझे गुडघे नाला उतरू देत नाहीत. गाडी असली तर मी रोज जातो. पूजा नाही करत, दिवा नाही लावत. बसतो. तुरीला शेंगा कशा आहेत ते पाहतो अन् येतो. एवढंच राहिलं आहे, अन् ते एका सांध्याच्या भरवशावर.

अन् हा शहाणा, लीक बंद करायला मला रविवारपर्यंतचा वेळ देतो अन् जाता जाता त्याच दिवशी स्वतःच वेल्डिंग करून मोकळा होतो! म्हणे तुमचं काम सोपं केलं.

त्या वेल्डिंगवाल्यानं काय काय केलं ते ऐका. पाइपाच्या तोंडावर एक सुटी पट्टी असते, दोन भोकांची. ती पाइपावर फिरती असते, ती नटांनी आवळली की पाइप सिलिंडरवर सरळ दबून बसते. त्यानं ती पट्टी पाइपाला जाम करून टाकली, तीही तिरपी. मागं सायलेन्सर फ्रेमला जिथं टांगतात तिथं रबराची गुंडी असते, धक्का खायला. ती त्याला फालतू वाटली. काढून फेकली अन् तिथंही टाका. म्हणजे इंजिन थरथरते, पाइप तापून वाढते, अन् त्याला हलायला कुठं जागाच नाही. दोन्हीकडून दाबून धरलेला. बायकोच्या आजारपणात मी दवाखान्यात तिचे हात तसे दाबून धरले होते, सुई निघू नये म्हणून.

दुसऱ्याच दिवशी नाल्याच्या चढावर पाइपाची मान फुटली. आवाज असा झाला की बटईवाला तुरीतून पळत आला. त्याला वाटलं रानडुकराला कोणी बार काढला. गाडी त्यानं ढकलत घरी आणली, मी मागून लंगडत. वाटेत जो भेटला त्यानं सल्ला दिला. एक म्हणे त्यावर पत्रा गुंडाळा. एक म्हणे बाजारात लाल पेस्टची नळी भेटते, ती पिळा. एक म्हणे, "बुढेबावा, आता कायले पाहिजे गाडी? घरी बसा, हरी हरी करा." मी त्याला म्हटलं, "तू बस. तुझं वय झालं." तो माझ्या पोराच्या वयाचा.

बाजाराच्या दिवशी फ्रेमजवळचा टाका आरीनं कापला अन् तो फुटका सायलेन्सर पोत्यात घालून ऑटोत घाटंजीला गेलो. तिथला मिस्त्री माझ्याच उमरीचा, मुसलमान, त्याच्या हातून या गाडीचं सगळं झालं आहे. वर फिरवलेला पाइपही त्यानंच वाकवला. चष्मा नाकावर आणून त्यानं तो सायलेन्सर पाहिला अन् खाली ठेवला.

"क्या भाऊ, इसको फाशी किसने दी?"

"पोरानं."

"बेटा इंजिनिअर है क्या?"

"नाही. माया करते."

मिस्त्री हसला. मग हसू आवरून म्हणाला, "भाभी का सुना मैने. मिट्टी को आ नही सका भाऊ, मी दवाखान्यात होतो, दमा." मी म्हटलं, असू दे. त्यानं चहा सांगितला. आम्ही दोघं चहा पिऊन त्या सायलेन्सरकडं पाहत राह्यलो, जसं कोणी जनावराला पाहते, वाचते का नाही म्हणून.

वाचलं. त्यानं उरलेले टाके कापले, पट्टी सोडवली, हातोडीनं सरळ केली. फुटलेल्या मानेला मात्र टाका मारावाच लागला, पण बारीक, पितळेचा. मागच्या टांगणीला नवी रबरी गुंडी दिली. सांध्यात घालायची तांब्याची कडी दिली. पण पाइपाचं तोंड पाहून तो चकचक करायला लागला. घासूनघासून एका बाजूनं ओठ झिजला होता. कडी बसवली तरी तिथून उजेड दिसत होता.

"नया पाइप नही मिलेगा. ही गाडीच आता कोणी बनवत नाही. तेवढ्या फटीत नळीची पेस्ट टिकत नाही भाऊ, दाब से निकल जायेगी." मग त्यानं डोकं खाजवलं. "वो भाभीवाली मिट्टी लगाव ना."

ती गोष्ट मी विसरलो नव्हतो, पण तिच्याकडं जात नव्हतो. एका वर्षी ऐन वेचणीत कडी उडाली होती. दुकानात नव्हती. घरी आलो तर बायको अंगणात चूल लिंपून राह्यली होती. म्हणाली, "एवढीशी फट बुजत नाही तुमच्यानं? इकडे आणा." अन् चुलीच्या मातीचा गोळा घेऊन तिनं त्या सांध्याभोवती असा दाबला जसा चुलीच्या भेगेला दाबतात. मी हसलो. वेचणी संपेपर्यंत त्या मातीतून धुराचा केस बाहेर आला नाही. नंतर मिस्त्रीला दाखवलं तर तोही हसला, अन् मग हसायचा थांबला. तेव्हापासून नवीन कडी टाकली तरी वरून तिच्या मातीचा हात फिरायचाच.

घरी आलो. नाल्यातून पांढरी माती आणली, राख घातली, तुरीचं बारीक कुटार, भुसा तो, घातलं, भिजवली. सिलिंडरचं तोंड पेट्रोलनं पुसलं, कारण तेलकट लोखंडाला माती धरत नाही. कडी घातली, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, एकदम नाही, एकदम आवळलं की पाइप तिरपा बसते. वरून माती दाबली. वाळू दिली. किक मारली. गाडी तापली अन् माती तडकली. पापुद्रा निघून बुटावर पडला अन् मागून काळं तेल.

पुन्हा केली. राख जास्त घातली. पुन्हा तडकली. मी पाना फेकून दिला अन् मोठ्यानं म्हटलं, "सांगून तर जायचं होतं!"

शेजारी माझ्या मोठ्या भावाची बायको राहते. भाऊ गेला त्याला फार वर्षं झाली. भाकर तीच देते. ती कुंपणावरून पाहून राह्यली होती.

"कोणाशी बोलून राह्यले भाऊजी?"

"कोणाशीच नाही. माती टिकत नाही."

"कोरी माती टिकत नसते. कोऱ्या मातीची चूल पहिल्याच दिवशी तडकते. तिच्यात जुन्या चुलीचं खापर कुटून टाका लागते. भाजलेलं. तुमची बायको तेच टाके."

"मग हे मला काहून सांगितलं नाही आधी?"

"तुम्ही इचारलं कवा? तुम्ही तं नुसते रागावता."

मी अंगणात चुलीच्या जागेकडं पाहिलं. तिथं चूल नव्हती. तेरवीच्या दिवशीपासून नव्हती, पण तेव्हा माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं. मांडवाखाली मोठी भट्टी पेटवायला जागा पाहिजे म्हणून कोणीतरी काढली, एवढंच माहीत.

"चूल कोणी फोडली वहिनी?"

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मी सांगतलं पोट्ट्याइले. भट्टी कुठं पेटवा लागत होती? तुमच्या माथ्यावर?"

"तिची चूल होती!"

"मले माहीत नाही का? तुमच्या आधी मी आली या घरात. तिले लिंपणं मीनंच शिकवलं." तिचा आवाज चढला. "गावाले जेवू घातलं तेव्हा कोणी इचारलं का चूल कुठं गेली? अन् आता सायलेन्सरले माती पाहिजे तं चूल आठवली!"

तिचं बोलणं खरं होतं अन् त्यामुळं राग जास्तच आला. जिनं रोज चूल सारवली तिच्या जेवणावळीसाठी तीच चूल फोडायची, हा कुठला न्याय? अख्ख्या आवारात दुसरी जागा नव्हती? माझी गाडी उचलून रस्त्यावर ठेवली असती, मी काही म्हटलं नसतं. मी हे सगळं बोललो. अजून बरंच बोललो, ते लिहीत नाही.

माझं सरल्यावर तिनं फाटकाकडं हात केला. मग म्हणाली, "खापरं फाटकाजवळ आहेत. पावसाचं पाणी साचे तिथं, त्या गड्ड्यात भरली."

म्हणजे ज्या जागेवरून मी रोज गाडी आतबाहेर करत होतो तीच. टिकास घेऊन गेलो अन् तो गड्डा खणला. लाल-काळे तुकडे निघाले, एका बाजूनं काजळी धरलेले. एका तुकड्यावर बोटांचे ओढलेले वळ तसेच होते. तो मी बाजूला ठेवला. बाकीचे पोत्यावर टाकून दगडानं फोडायला बसलो.

थोड्या वेळानं वहिनी खलबत्ता घेऊन आली अन् समोर बसली. "सरका. तुमच्यानं भुगा होत नाही, गोटे राहतात." अन् कुटायला लागली. ती कुटायची, मी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यातून चाळायचो. बराच भुगा झाल्यावर ती म्हणाली, "अर्धा भुगा, अर्धी माती. राख चिमूटभर. कुटार नकोच, जळून भोकं पडतात. अन् लगेच पेटवू नका गाडी. मंद वाळू द्या. चूल तशीच करतात."

"गाडी चूल नाही वहिनी."

"मंग कायले मांगता चुलीची माती?"

त्या वेळी मी हसलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा असेल. हसू आलं याचाही मला राग आला.

लावली. दोन दिवस गाडीला हात लावला नाही. मग किक मारून थोडी गरम केली, बंद केली, पुन्हा गरम केली, बंद केली. माती भाजत गेली. रंग बदलला, पांढऱ्याची राखाडी, राखाडीची तांबूस. तडा नाही.

रविवारी पोरगा आला. बॅग ठेवली नाही, पाणी प्याला नाही, सरळ गाडीजवळ. मातीचं बांधकाम पाहून म्हणाला, "हे काय बाबा? चिखल? मी वेल्डिंग करून दिली होती ना?"

"ती वेल्डिंग फुटली. पाइपाची मान घेऊन फुटली."

"मंग मले फोन करायचा."

"करून काय? तू अजून एक टाका मारला असता."

त्याचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं. मी त्याला सांगितलं, "तू चांगल्यासाठी केलं हे मला माहीत आहे. पण मी अजून आहे ना. माझ्या वस्तूला हात लावायच्या आधी मला विचारायचं. तुझी माय गेली म्हणून मीही गेलो असं धरून चालू नको." त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला अन् म्हणाला, "चालू करा."

गाडी चालू केली. त्यानं रुमाल सांध्याजवळ धरला. मी ॲक्सिलेटर पिळला. बराच पिळला. रुमालावर डाग नाही. त्यानं दुसऱ्या बाजूनं धरला. नाही.

"नाल्यापर्यंत जाऊ," तो म्हणाला अन् मागं बसला. त्याला उजवा पाय कुठं ठेवायचा ते माहीत नव्हतं, पाइपापासून दूर धरावा लागते. सांगितलं. नाला उतरलो, दगडांवरून धडधडत चढलो. तो माझ्या खांद्याला धरून होता, घट्ट, लहानपणी धरायचा तसा नाही, मोठ्या माणसानं म्हाताऱ्याला धरावं तसा. पलीकडं मी गाडी थांबवली अन् त्यानं पुन्हा रुमाल लावला. पुन्हा स्वच्छ. धुऱ्यावर आम्ही दोघं जरा वेळ उभे राह्यलो. त्यानं चप्पल काढली होती. मी तुरीकडं पाहिलं. त्यानं नाक शिंकरलं, त्याच रुमालात.

घरी आल्यावर त्यानं गाडीची चाबी काढून माझ्या हातात दिली. बोलल्या शब्दाला जागला, तेवढं मान्य. पोट्ट्यांना नाही म्हणून फोनही लावला, माझ्यासमोर. मग बॅग उचलली, उंबऱ्यापर्यंत गेला अन् वळून म्हणाला, "पण बाबा, एकट्यानं नाही जायचं. कोणाले तरी मांगं बसवत जा."

बसची वेळ झाली होती, तो गेला. मी चाबी हातात धरून तिथंच उभा. सांगा मला, याला काय म्हणावं? या गाडीवर मी एकटा कधी बसलो होतो? गाडी घेतल्यापासून मागची सीट कधी रिकामी नव्हती, ती आजारी पडली त्या दिवसापर्यंत. मला एकट्यानं जायची हौस आली होती का? मला विचारून ती उतरली का? अन् आता हा मला सांगतो, मागं कोणाला तरी बसव. कोणाला बसवू? बटईवाल्याला? तो स्वतःच्या पायानं माझ्या आधी पोचते.

वहिनी कुंपणाजवळून ओरडली, "भाकर झाली. येता का?"

"वावरातून आल्यावर खातो," मी म्हटलं अन् किक मारली.